गच्चीवर वाळत घातलेला डबा

दिवाळीत चकल्या, उन्हाळ्यात कुरडया, एरवी वर्षभर फळीवर. मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे.

मिरजेच्या बाजारात एका तांबटाने मला घडवलं. सोबत तीन चकत्या दिल्या: चकलीची, शेवेची आणि सगळ्यांत बारीक भोकांची. धोंडुबाईंनी जत तालुक्यातून मिरजेला बिऱ्हाड आणलं, त्याच वर्षी मला घेतलं. गल्लीतल्या बायका मला मागून नेत आणि ‘हाताला हलका आहे’ म्हणत परत करत. ती माझी कौतुकाची वर्षं. पुढे तयार चकल्यांची पाकिटं आली आणि माझ्या अंगावर हिरवे डाग चढले.

धोंडुबाई एका बालवाडीत मदतनीस आहेत. गेल्या दिवाळीत मुलांसाठी चकल्या करायला त्यांनी मला तिथे नेलं आणि परत न्यायचं विसरल्या. तिथल्या फळीवरून मला डबे खायला बसलेली मुलं दिसत.

जानेवारीत साडेतीन वर्षांची अलीना आली. तिची आई, शायनी सिस्टर, केरळची. इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. पहिल्या दिवशी अलीनाच्या डब्यात वाफवलेल्या तांदळाच्या शेवयांच्या तीन चकत्या होत्या आणि काळ्या हरभऱ्याची उसळ. त्या शेवयांना तिच्या घरी इडियप्पम म्हणतात.

शेजारचा वीरधवल ओरडला, “बाई, हिच्या डब्यात किडं हायती!”

सगळी मुलं हसली. अलीनाने झाकण लावलं. पुढचे आठ दिवस ती झाकण दोन बोटं उघडायची, आत बघायची आणि पुन्हा लावायची. डबा भरलेला यायचा, भरलेलाच परत जायचा.

नवव्या दिवशी शायनी सिस्टर वर्गाच्या शिक्षिका क्रांतीबाईंना भेटल्या. “बाई, ती बिस्किटंच मागते. उद्यापासून पुडाच देऊ का? उपाशी तरी राहणार नाही.”

“बिस्किटं म्हणजे जेवण नाही,” क्रांतीबाई म्हणाल्या. “तुमचा डबा चांगला आहे. तुम्ही तोच द्या. उद्या सगळ्या वर्गालाच हे करून घालू.” मग त्या धोंडुबाईंकडे वळल्या. “मावशी, तांदळाची उकड काढायची आणि सोऱ्यातून बारीक पाडायची. जमेल?”

“आवं, त्यात काय जमायचं? हयात गेली माजी त्यात,” धोंडुबाई म्हणाल्या. त्यांनी मला फळीवरून उतरवलं आणि चिंच लावून लख्ख घासलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्या वर्गात आल्या. “झालं बगा सगळं.”

“कुठाय?”

“गच्चीवर. वाळाय घातलंय.”

क्रांतीबाईंनी कपाळावर हात मारला. “मावशी, ते आत्ता खायचंय! वाफवून!”

“वाफवून? ते कवा सांगितलं तुमी? बारक्या चकतीतनं पडलं की ते उन्हातच जातंय. मला दुसरं ठावंच न्हाई.”

बाई वाफवायचं सांगायलाच विसरल्या होत्या. बावीस मुलं भुकेली होती. शेवटी सगळी वरात गच्चीवर गेली, पाठोपाठ पोरीच्या काळजीने आलेल्या शायनी सिस्टरही. तिथे धुतलेल्या लुगड्यावर पांढऱ्या चकत्या पसरल्या होत्या. मी कोपऱ्यात, अंगाला पीठ तसंच.

आता एक गोष्ट या भागातल्या प्रत्येक पोराला कळते. कुरडई वाळायच्या आत, ओली असताना, लुगड्यावरून पळवायची. पहिला वाकला वीरधवल. त्याने एक अख्खी उचलून तोंडात कोंबली.

“लय भारी! वल्ली कुरडई!”

मग सगळी तुटून पडली. अलीना मात्र डबा पोटाशी धरून उभी होती. बराच वेळ बघून ती हळूच म्हणाली, “माझ्या डब्यात हेच आहे.”

वीरधवलचा घास थांबला. “ह्येच?”

“हेच.”

“मग दे की मला.”

धोंडुबाईंनी त्याला टोमणा मारलाच. “काय रं, किडं ग्वाड लागलं व्हय?”

तो मान खाली घालून हसला. अलीना तिथेच बसली आणि तिने झाकण पूर्ण काढलं. तीन चकत्या होत्या. एक त्याने खाल्ली, दोन तिने, उसळीसकट. शायनी सिस्टर पाठमोऱ्या झाल्या आणि ओढणीने डोळे पुसू लागल्या.

वाळून उरलेल्या चार चकत्या धोंडुबाईंनी त्यांना बांधून दिल्या. “तळून खावा, तुमाला न्हाई म्हाईत ती चव.” त्याच आठवड्यात सिस्टरनी त्यांना वाफवायला शिकवलं. आता दर गुरुवारी मी कामावर असतो, कधी तांदळाच्या पिठाला, कधी नाचणीच्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. काम झालं की चकतीच्या भोकांतलं पीठ काडीने काढत जा. ते आत वाळलं की भोकं बुजतात आणि माझ्यातून काहीच बाहेर येत नाही. आणि शेजारच्या डब्यात अनोळखी काही दिसलं, तर नावं ठेवण्याआधी एक घास मागा. वीरधवलने मागितला. त्या दिवसापासून अलीनाच्या डब्याचं झाकण मला रोज बाजूला, जमिनीवर पडलेलं दिसतं.