प्रश्न वगळून

"समोर दार दिसतंय?" हेडफोनमध्ये डॉक्टर प्रेरणा औताडे विचारत होत्या.

"हं," बिडकीनचा एक शेतकरी झोपाळू आवाजात म्हणाला.

"दाराच्या पलीकडं उजेड आहे?"

"हं."

"कुणीतरी तुम्हाला न्यायला आलंय. ओळखीचं आहे का?"

"हं... असंल."

कडुबा दाभाडे यांची बोटं कीबोर्डवर पळत होती. ‘मला समोर एक दार दिसते. दाराच्या पलीकडे उजेड आहे. मला न्यायला ओळखीचे कोणीतरी आले आहे.’ पूर्णविराम देऊन ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि पुढचं ऐकू लागले.

उस्मानपुऱ्यात एका औषधाच्या दुकानाच्या वर डॉक्टरांचं संमोहन केंद्र होतं. कॉलेजातली मानसशास्त्राची नोकरी सोडून त्या संशोधन करत होत्या. माणूस मेल्यावर आणि पुन्हा जन्माला येण्याआधी आत्मा कुठं असतो, हा त्यांचा विषय. विषय केवढा मोठा, आणि खोली दहा बाय बाराची. आतल्या खोलीत माणसाला आरामखुर्चीत बसवून डॉक्टर त्याला हळूहळू मागच्या जन्मात नेत, तिथं मरू देत, आणि मरणानंतरचं विचारत. सगळं बोलणं रेकॉर्ड होई. बाहेरच्या खोलीत बसून ते टाइप करण्याचं काम कडुबांचं.

कडुबा एकसष्ट वर्षांचे. कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढलेली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, वकील विचारायचे, तो उत्तर द्यायचा आणि ते कागदावर यायचं. साक्ष लिहिण्याची तिथं एक रीत असते. प्रश्न लिहीत नाहीत. "त्या दिवशी तुम्ही शेतावर होता का?" "व्हय." कागदावर येतं, ‘मी त्या दिवशी शेतावर होतो.’ वकील गेला, ‘व्हय’ही गेलं; उरतो तो शुद्ध मराठीत सलग बोलणारा साक्षीदार. अंगठा उठवणारा माणूसही कागदावर हेडमास्तरासारखा बोलायचा. ही करामत आपल्या बोटांची, याचा कडुबांना थोडा गर्व होता. गर्व करावा असं दुसरं फार काही आयुष्यात नव्हतं, तेव्हा एवढा असू द्यायला हरकत नाही.

"काका, हे बघा ना," डॉक्टर छापील कागद हातात घेऊन बाहेर येत. "बिडकीनचा शेतकरी, दौलताबादची नर्स, इथला बँकेतला साहेब. कुणी कुणाला ओळखत नाही. पण दार तेच, उजेड तोच! आणि किती सलग सांगतात. माझ्या अंगावर काटा येतो वाचताना."

"सलग तर मी करतो, मॅडम."

"तेच म्हणते मी. किती नीटनेटकं असतं तुमचं."

अशा एकाहत्तर बैठका झाल्या होत्या. पुढच्या महिन्यात डॉक्टर एका परिषदेत त्या मांडणार होत्या.

गंमत अशी, की कडुबांचा आत्म्यावर विश्वासच नव्हता. वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, आणि त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई तर दोन पावलं पुढे. रविवार चुकेल पण विहार चुकणार नाही. पावसाळ्यातल्या वर्षावासात ग्रंथवाचनाला त्यांचाच आवाज. मेलेलं माणूस कुठं जातं, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "दिवा इझल्यावर ज्योत कुठं गेली, असं इचारतं का कुणी? तेल सरलं, वात सरली. जित्या माणसाकडं बघा की." त्या रत्नमालाबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्यांचा नवरा अकरा ते चार आत्मे टाइप करत होता. सकाळी निघताना तो त्यांच्या फोटोला सांगायचा, "टायपिंग हाय नुसतं. कोर्टात खुनाच्या साक्षी टाइप केल्या, म्हणून मी काय खुनी झालो का?"

खरं कारण निराळं होतं. मुलगी निशा पुण्याला. पदमपुऱ्यातल्या दोन खोल्यांत सकाळी दहापर्यंत सगळी कामं उरकायची, आणि दहानंतरचा दिवस खायला उठायचा. घरात आवाज म्हणून फक्त फ्रिजचा. इथं निदान कानात माणसं बोलत होती. मेलेली का होईना.

आणि आणखी एक होतं, ते त्यांनी निशालाही सांगितलेलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी, दवाखान्यात, दुपारी साडेचारच्या सुमाराला रत्नमालाबाईंनी डोळे उघडले. "अवो," त्या म्हणाल्या, "ऐका ना."

"आलोच," कडुबा म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. "चहा घेऊन येतो खालून. मग सांग निवांत."

कॅन्टीनला रांग होती. वीस मिनिटं लागली. दोन कप घेऊन ते वर आले, तेव्हा कॉटभोवतीचा पडदा ओढलेला होता.

जगाचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी ज्याला चौतीस वर्षं पगार मिळाला, त्याने बायकोचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही. त्या काय सांगणार होत्या? रागावल्या होत्या का? निशाबद्दल काही होतं? की नुसतं, उशी जरा वर करा? त्या दिवसापासून कडुबांनी चहा सोडला. विचारलं तर ॲसिडिटी सांगायचे.

वर्षाचा दिवस जवळ आला तेव्हा एका दुपारी ते आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मॅडम, माझी बैठक घेता का?"

डॉक्टरांना आनंद झाला. त्या किती दिवस म्हणतच होत्या. कडुबांनी चहाची हकिकत सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्या बाईचं मन चांगलं होतं, यात शंका नाही.

आरामखुर्चीत ते पाऊण तास होते. नंतर आठवलं ते एवढंच, की ऊबदार वाटत होतं, दार होतं, रत्नमालाबाई हसत होत्या आणि म्हणाल्या, "माझी काळजी करू नका. मी सुखात आहे." डोळे उघडले तेव्हा शर्टाची कॉलर ओली झाली होती.

"भेटल्या?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"भेटली. बोलली माझ्याशी."

त्या दिवशी स्टेशन रोडच्या टपरीवर त्यांनी एक कट चहा घेतला. जीभ पोळली, तरी आणखी एक घेतला. घरी येऊन निशाला फोन लावला.

"निशा, तुझी आई बरी हाय बरं का."

"पप्पा, जेवलात का तुम्ही? बीपीची गोळी घेतली?"

"सगळं घेतलं. लई बरं वाटतंय. तिनंच सांगितलंय, काळजी करू नका म्हणून."

"मी येऊ का शनिवारी?"

"कशाला? मी चांगला ठणठणीत हाय."

आठ दिवस ते खरोखरच ठणठणीत होते. पिठलं करून जेवले, शेजाऱ्यांशी पाण्याच्या नळावरून भांडले, रत्नमालाबाईंचा चष्मा पुसून पुन्हा डबीत ठेवला. फोटोला म्हणाले, "हरलीस का नाय? म्हणत होतीस, दिवा इझला."

नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुमची बैठक तुम्हीच टाइप करा. बाहेरच्या कुणाला नको."

त्यांनी हेडफोन लावला. पंख्याची घरघर, डॉक्टरांचा आवाज, मग आपला स्वतःचा. तो ऐकून त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. बोटं सवयीनं चालू लागली. ‘मला समोर एक दार दिसते. दारात माझी पत्नी रत्नमाला उभी आहे. ती हसत आहे.’

इथं बोटं थांबली. पत्नी? रत्नमाला? उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोला निशाची आई याखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंग मागं नेलं.

"दारात कुणीतरी उभं आहे, काका. रत्नमालाबाई आहेत का?"

"हं."

"हसताहेत?"

"हं."

"त्या दिवशी त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. आता त्या सांगताहेत. काय म्हणताहेत?"

मग बराच वेळ नुसता पंखा. खाली रस्त्यावर कुणी तरी हॉर्न वाजवला.

"नाय," रेकॉर्डिंगमधले कडुबा म्हणाले.

"नाय म्हणजे?"

"काय ऐकू नाय येत."

पुन्हा पंखा. मग डॉक्टर, अगदी मायेनं, "शांतपणे ऐका. त्या म्हणताहेत, माझी काळजी करू नका. मी सुखात आहे. आलं ऐकू?"

आणि खूप वेळानं, "...हं."

हा ‘हं’ कडुबांच्या ओळखीचा होता. दुपारचे चार वाजलेले असतात, साक्षीदार सकाळपासून उभा असतो, गावाकडची एसटी चुकणार असते, आणि तो वकिलाला असाच ‘हं’ देऊन टाकतो. कोर्टात निदान समोरचा वकील ताडकन उठतो, "साहेब, हे साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालताहेत!" इथं हरकत घ्यायला कुणी नव्हतं. प्रश्न ज्याने ऐकले असा मनुष्य साऱ्या उस्मानपुऱ्यात एकच होता, आणि तो ते गाळत बसला होता.

त्यांनी बिडकीनच्या शेतकऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. मग दौलताबादच्या नर्सचं. मग बँकेतल्या साहेबाचं. दार डॉक्टरांचं, उजेड डॉक्टरांचा. त्या लोकांचा फक्त ‘हं’.

त्यांना दुसऱ्यांदा कॉटभोवतीच्या त्या पडद्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. हातात कप नव्हते, एवढाच फरक.

संध्याकाळी आत जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्वतः हेडफोन लावला, समोर छापील कागद धरला आणि दोन बैठका ऐकल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मला वाटायचं, ते सगळं तेच बोलले," त्या म्हणाल्या. "खोलीत असताना मला तसंच ऐकू यायचं, काका. आणि तुमचे कागद वाचून खात्री पटायची."

"चूक माझी हाय. कोर्टाची सवय. तुम्हाला इचारायला पायजे होतं."

"पण तुमचा अनुभव?" डॉक्टरांच्या आवाजात आशा होती. "तुम्ही रडला होता. ते खोटं नव्हतं ना?"

"रडणं माझंच होतं," कडुबा म्हणाले. "बोलणं तुमचं होतं."

डॉक्टरांना वाईट वाटत होतं, पण परिषदेचं नव्हे, हे कडुबांना दिसत होतं.

"माझी धरून बहात्तर परत टाइप करून देतो," ते म्हणाले. "सवाल-जवाबासकट. मग तुम्ही बघा, त्यात काय उरतं ते."

"सगळ्या करा. पण तुमची नको." डॉक्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "ती आपण मोजूच नको. पुसून टाकते मी. तुमच्याजवळ आहे तसं राहू द्या, काका. कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचंच बिघडत नव्हतं. कडुबांना तो मोह झाला, फार झाला. चष्म्याची डबी, पिठलं, टपरीवरचा चहा, आठ दिवस माणसात आल्यासारखं वाटलेलं. एवढंसं खोटं होतं आणि घर पुन्हा केवढं मोठं, रिकामं होणार होतं.

"पहिली माझीच करतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराला ते टेबलाशी बसले. डॉक्टरांनी स्वतः चहा करून आणला. ॲसिडिटी खोटी होती, हे आता दोघांनाही माहीत होतं.

"ठेवा, मॅडम," कडुबा म्हणाले. "आधी ऐकून घेतो."

त्यांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. या वेळी काहीच गाळलं नाही. ‘प्रश्न’ लिहिलं, ‘उत्तर’ लिहिलं. पंखा फिरत राहिला ती जागा आली तेव्हा हात मांडीवर ठेवून ते ऐकत राहिले. मागं नेऊन पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदाही ऐकली. त्या शांततेत रत्नमालाबाईंचा शब्द नव्हता, श्वासही नव्हता. मग त्यांनी टाइप केलं,

‘प्रश्न : त्या दिवशी त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. आता त्या सांगताहेत. काय म्हणताहेत?

(साक्षीदार बावन्न सेकंद गप्प.)

उत्तर : नाय.’

बोटं आपोआप मागं गेली, ‘नाय’चं ‘नाही’ करायला. त्यांनी ती आवरली. तसंच राहू दिलं.

कागद छापून झाल्यावर त्यांनी तो, कोर्टात साक्षीदाराला वाचून दाखवायचे तसा, हलक्या आवाजात स्वतःलाच वाचून दाखवला. शेवटी पेनानं लिहिलं, ‘वाचून पाहिले. बरोबर आहे.’ टंकलेखकाची आद्याक्षरं डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात असतात. त्या जागी ती टाकली. मग उजवीकडं, जिथं चौतीस वर्षं त्यांनी साक्षीदारांना बोट दाखवून ‘इथं करा’ म्हटलं होतं, तिथं पूर्ण नावानिशी सही केली आणि चहाचा कप जवळ ओढला.