दुसऱ्याच्या वाटणीचे फटके

नेस्टर सुमागायसायला डॉक्टर व्हायचं होतं, आणि आमच्या इलोइलो शहरात ज्याला त्याला हसायला तेवढं पुरत होतं.

पोरगा डोक्यानं वाईट नव्हता. पण कॉलेजची सगळी वर्षं त्यानं ठोसे देण्यात आणि खाण्यात घालवली. कुठल्याही गावची जत्रा असू दे, संताची मिरवणूक चर्चमध्ये परत गेली की बॉक्सिंग ठरलेलं, आणि एका कोपऱ्यात नेस्टर ठरलेला. रविवारी डोळा सुजायचा, सोमवारी परीक्षा असायची. एका डोळ्यानं माणूस वाचून वाचून किती वाचणार? आमच्याकडं गुणांचा आकडा जितका लहान तितकं पोरगं मोठं. एक म्हणजे आईनं गावभर मिरवावं, तीन म्हणजे ढकलत ढकलत पास, पाच म्हणजे पिशवी उचल आणि घरी जा. नेस्टर पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याचा आकडा होता दोन पूर्णांक सत्तर. मेडिकल कॉलेजवाले दोनच्या पलीकडचं तोंडसुद्धा बघत नाहीत.

त्याची आई मासळी बाजारात बसायची. ती म्हणाली, "डॉक्टर? आधी ते नाक सरळ करून घे. पेशंट तुला बघूनच पळेल."

नेस्टर हसला नाही. हातमोजे खिळ्याला टांगले आणि अभ्यासाला बसला तो बसलाच. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत त्यानं असे गुण काढले की लोकांनी दोनदा तपासून बघितले. मुलाखतीचं बोलावणंही आलं. पण मुलाखत घेणाऱ्यांच्या समोर पहिल्याच पानावर तो जुना आकडा असणार, हे त्याला ठाऊक होतं. झोप लागेना.

अशा वेळी दान्ते भेटला. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, अंगानं उंच, बोलायला गोड. आमच्याकडं कॉलेजात पोरांचे संघ असतात, त्यातल्या एकाचा तो म्होरक्या. आत शिरलं की एकमेकांना 'ब्रॉड' म्हणायचं, म्हणजे भाऊ, आणि भावानं भावाला नोकरीपासून तुरुंगापर्यंत सगळीकडं हात द्यायचा. पण आत शिरायचं तर आधी मार खायचा. वल्ह्यासारखी लाकडी फळी असते, ती मांड्यांवर मागून बसते, आणि प्रत्येक फटक्यानंतर मारणाऱ्याचे आभार मानायचे असतात.

आमच्याकडं धाकट्याला लाडानं तोतो म्हणतात आणि थोरल्याला मनोंग. दान्ते म्हणाला, "तोतो, मुलाखतीला डॉक्टर पालोमार बसतो. तो आपला जुना ब्रॉड आहे. आपल्या माणसाचा आकडा त्याला दिसत नाही. त्याचा चष्माच तसला आहे."

"आणि मार किती?"

"तू बॉक्सर ना? तुला गुदगुल्या होतील."

नेस्टरला ते पटलं. मार खाणं ही एकच गोष्ट त्याला पहिल्या नंबरानं येत होती.

रविवारी दुपारी त्याला शहराबाहेर कोंबड्यांच्या झुंजीच्या अखाड्यावर बोलावलं. अखाड्यामागं भात सडायची एक बंद पडलेली गिरणी होती. जागा हुशारीनं निवडलेली. पलीकडं हजार माणसं पैजा लावत बोंबलतात, त्यात अलीकडचं ओरडणं कुणाला ऐकू यायचं!

तिथं नेस्टरच्या जोडीला आणखी एकच पोरगा होता. जेथ्रो. काडीसारखा, चष्मेवाला. आकडा एक पूर्णांक दोन.

नेस्टर म्हणाला, "तू इथं काय करतोस रे? तुला तर हार घालून आत घेतील."

"पप्पा पण ब्रॉड आहेत, मनोंग," जेथ्रो म्हणाला. "ते म्हणाले, मार खाल्ल्याशिवाय घरी जेवायला येऊ नकोस."

दोघांना चड्डीवर उभं केलं, हात भिंतीला. फळी सुरू झाली.

पहिले काही फटके नेस्टरनं ढेकर दिल्यासारखे पचवले. "आभारी आहे, मास्टर." धप्प. "आभारी आहे, मास्टर." बाजूला जेथ्रो प्रत्येक फटक्याला भिंतीवर डोकं आपटत होता. त्याचे आभार आधी शब्दांत निघत होते, मग नुसते रडण्यात. मांड्यांची कातडी वांग्यासारखी झाली आणि एका ठिकाणी उकलली.

या खेळात एक रिवाज आहे. सोबत्याला सोसवत नसेल तर त्याचे फटके आपल्याला मागून घेता येतात. नुसतं 'झेल' म्हणायचं. मागून घेणाऱ्याला ना कुणी मोठेपणा देत, ना सूट. फटके तेवढे वाढतात.

नेस्टर म्हणाला, "झेल."

दान्ते थांबला. "विचार कर, तोतो. याचे बरेच राहिलेत."

"झेल म्हणलं ना? कानात मेण आहे का तुमच्या?"

मागचे पोरगे हसले, आणि तिथंच बिघडलं. दान्तेला चारचौघांत कुणी बोललेलं खपत नसे. त्यानं शर्ट काढला, दोन पावलं धाव घेऊन फळी हाणली. नेस्टर हलला नाही. परत हाणली. रिंगमध्ये नेस्टरला शिकवलेलं होतं की पडलास तर संपलास, म्हणून तो पडेना. फळी मधोमध चिरली. दुसरी आणली. मांडीवरून रक्त पोटरीवर आलं, पोटरीवरून टाचेत. मारणारे पाळीपाळीनं दमले. मार खाणारा काही पडला नाही, आणि हीच त्याची चूक झाली. मान वाकवली असती तर त्यांचा राग तिथंच निवला असता. हा ताठ उभा, आणि दान्तेला कुणावर तरी राग काढायचा होताच.

तो वळला आणि जेथ्रोला मारत सुटला.

"ए, त्याचे मी घेतलेत!" नेस्टर ओरडला.

"तू याच्या वाटणीचे घेतलेस. हे माझ्या वाटणीचे."

जेथ्रो खाली घसरला. चड्डी ओली झाली, आणि भुशावर जे पसरलं ते मुताच्या रंगाचं नव्हतं. काळपट तांबडं, उकळून ठेवलेल्या कॉफीसारखं.

दान्तेनं ते बघितलं. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा, त्याला काय कळायचं राहिलं होतं? ठेचलेलं मांस रक्तात उतरलं होतं आणि मूत्रपिंडं बंद पडायला लागली होती. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "नाटकं करतोय. दुखण्याच्या दोन गोळ्या द्या, झोपू द्या."

"दवाखान्यात न्या त्याला," नेस्टर म्हणाला.

"दवाखान्यात पोलीस बसलेला असतो."

"मरेल तो, मनोंग!"

दान्ते जवळ आला. आवाज पुन्हा गोड केला. "ऐक. तू आत आलास. झालास ब्रॉड. आता गप भिंतीला बस, गुरुवारी मुलाखतीला जा, आणि डॉक्टर होऊन बाहेर ये. की याला उचलून नेतोस आणि तुझा तो दोन पूर्णांक सत्तर घेऊन जन्मभर आईच्या शेजारी मासे कापतोस? बोल."

नेस्टर बोलला नाही. त्याचा डावा हात बोलला. दान्तेच्या जबड्याचा जो आवाज झाला तो सगळ्या गिरणीनं ऐकला. दान्ते भुशात आडवा. एकजण फळी घेऊन आला, त्याची फळी काढून घेऊन नेस्टरनं त्याच्याच गुडघ्यावर घातली. दुसऱ्यानं झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला बांधतात ते वाकडं पातं आणलं होतं, त्यानं नेस्टरचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. नेस्टरनं त्याला डोक्यानं धडक दिली. दोन दात पडले, एक नेस्टरच्या कपाळात रुतून बसला.

मग त्यानं जेथ्रोला खांद्यावर टाकलं. गिरणीच्या दाराशी बाकीचे उभे. दुसरी वाट एकच होती, अखाड्यातून.

आत झुंज रंगात आलेली. एक पांढरा, एक लाल, दोघांच्या पायाला पाती, आणि चहूबाजूंनी माणसं पैजांची बोटं नाचवत होती. त्या वाळूच्या मधोमध हा चड्डीवरचा, रक्तानं माखलेला बाप्या खांद्यावर पोर घेऊन उतरला. असलं पाप आमच्याकडं कुणी करत नाही. माणूस चर्चमध्ये बायको पळवेल, पण चालू झुंजीत पाय ठेवणार नाही. लाल कोंबडा जिंकत होता. तो नेस्टरला बुजला, वळला, आणि पांढऱ्यानं त्याचा गळा फाडला.

अखाडा उसळला. बाटल्या आल्या. एक नेस्टरच्या मानेवर फुटली. "मारा त्याला! माझे पैसे! कुणाचा रे हा गाढव?" शिव्यांच्या पावसात तो चालत राहिला. पुढच्या रांगेत पांढऱ्या टोपीचा एक जाडा म्हातारा उभा राहिला होता. लाल कोंबडा त्याचा. त्यानं नेस्टरच्या मांड्या बघितल्या, खांद्यावरचं पोर बघितलं, आणि हळूच टोपी डोळ्यांवर ओढून खाली बसला. नेस्टरनं त्याचा फोटो कॉलेजच्या भिंतीवर बघितलेला होता. डॉक्टर पालोमार.

एका रिक्षावाल्याला तेवढी दया आली. म्हणाला, "बसा. पण गादीवर रक्त पाडू नका." आणि नंतर स्वतःच गादी काढून टाकली.

जेथ्रो जगला. रक्त धुवायच्या यंत्राला जोडला, पिवळा पडला, पण जगला. नेस्टरचा हात शिवला. बुधवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जेथ्रोचा बाप आला आणि त्यानं नेस्टरची कॉलर धरून त्याला भिंतीला दाबलं.

"मोटरसायकलवरून पडलात दोघं. समजलं? पालोमारचा निरोप आहे. तेवढं म्हण, जागा तुझी."

"पोरगा तुमचा आहे ना हो?"

थाड! बापाचा हात भारी होता. जेथ्रो आतून बारीक आवाजात म्हणाला, "मनोंग, म्हण तू तसं. होऊन जा डॉक्टर. माझ्यापायी नको."

गुरुवारी नेस्टर मामाचा भरतकामाचा पांढरा सदरा घालून मुलाखतीला गेला. टेबलामागं तिघं. मधे पालोमार. एका बाजूला एक झोपाळू फादर. दुसऱ्या बाजूला डॉक्टर मिलाग्रोस उबाल्दो, मुडदे फाडणारी बाई, आवाज आरीसारखा.

"बसा," पालोमार म्हणाला.

नेस्टर बसला. खुर्ची लाकडाची. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं फादर जागा झाला.

"उभा राहा," बाई म्हणाली. "वळ." पँटीवर मागं डाग फुटत होते. "हे काय आहे?"

पालोमार घाईनं म्हणाला, "मोटरसायकलवरून पडला असेल. पोरं चालवतात कशीही. हो ना, तोतो?"

आता बघा, एवढाच एक शब्द होता. 'हो.' पलीकडं पांढरा कोट. नेस्टरला जेथ्रोचं म्हणणं आठवलं, आईचे खवल्यांनी भरलेले हात आठवले. तोंड उघडलं तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं काय निघणार.

"नाही," तो म्हणाला. "फळी आहे ती. माझ्या सोबतच्या पोराची मूत्रपिंडं गेली. तुम्ही होतात की तिथं, डॉक्टर. तुमचा कोंबडा लाल होता."

पालोमार उठला तो खुर्ची पाडूनच. टेबलावरचा पितळी क्रूस उचलून त्यानं नेस्टरच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली, सदऱ्यावर रक्त उडालं. फादर ओरडला, "अहो, क्रूस! क्रूस!"

"खाली ठेवा तो, वेनान्सियो," बाई पालोमारला शांतपणे म्हणाली. "आणि बाहेर जा. मी पोलिसांना बोलावते आहे."

तो गेल्यावर तिनं नेस्टरच्या कागदांवर पेन टेकवलं. "मार खाल्लास म्हणून मी तुला जागा देणार नाही. दोन पूर्णांक सत्तर! अरे, माझ्या टेबलावरचे मुडदे याहून बरे वाचतात. प्रवेश परीक्षा चांगली दिलीस, म्हणजे डोकं आहे. मग दाखव. एक वर्ष शरीरशास्त्रात पुढचं शिक्षण घे, एक पूर्णांक पाचच्या आत आकडा आण. पुढच्या वर्षी मी इथंच असेन. आणि एकही पोलीस केस तुझ्या नावावर नको. हाणामारी करणारा डॉक्टर मला नको."

नेस्टर खाली आला. फाटकाशी तिघं उभे. तिघांच्याही हातात फळ्या. मधे दान्ते, जबडा तारेनं बांधलेला.

पहारेकरी म्हातारा होता. म्हणाला, "मागच्या दारानं जा, तोतो. तिघं आहेत."

"अडीच. एकाचा जबडा आईनं पुन्हा जन्म दिला तरच उघडेल." नेस्टरनं मामाचा सदरा काढला, घडी घालून म्हाताऱ्याच्या हातात दिला. "एवढा सांभाळा."

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मुठी गालांपाशी, कोपरं बरगड्यांवर. ते आले. फळी हातावर बसली, टाके उसवले. खांद्यावर बसली. पोटात लाथ आली. नेस्टरचा डावा हात दोनदा आपोआप ताठ झाला, आणि दोनदा त्यानं तो परत गालापाशी ओढला. एक ठोसा मारला असता तर केस झाली असती, आणि ते वर्ष तिथंच संपलं असतं. म्हणून तो नुसता झेलत राहिला. "मारा. दमलात की सांगा."

दान्ते मारता मारता रडायला लागला. बांधलेल्या दातांमधून म्हणत होता, "पालोमार आत्ता सांगून गेला. मला काढणार रे कॉलेजातून. मला काढणार." फळी हातातून गळली. म्हाताऱ्यानं शिट्टी फुंकली, रस्त्यावरचे लोक गोळा झाले, आणि दोघांनी दान्तेला धरून नेलं.

नेस्टर भिंतीवरून खाली घसरला, पुन्हा उठला. एक डोळा मिटला होता. त्यानं सदऱ्यासाठी हात पुढं केला.

"मनोंग, ते पुढच्या शिक्षणाच्या नावनोंदणीचं ऑफिस कुठं आहे?"

"डावीकडं. पाचला बंद होतं." म्हाताऱ्यानं सदरा मागं घेतला. "पण आधी नळाखाली तोंड धू, बाबा. त्या खिडकीतली बाई रक्त बघून चक्कर येऊन पडते."