बोंडीच्या पिलांचा रांजण

मी एक जुना रांजण आहे. पाणी गार करायला घडवलेला, पण पाणी कधीच गार न केलेला. मित्रांनो, हसू नका. रांजणासाठी याहून मोठी नामुष्की नाही हे मलाही कळतं. तरीसुद्धा कळंबच्या आमच्या गल्लीत जेवढा मान मला मिळाला, तेवढा गार पाणी देणाऱ्या एकाही रांजणाला मिळाला नाही. हे मी अभिमानाने सांगतो आणि ते का, हेही सांगतो.

उकंडा कुंभाराने मला चक्रावती नदीच्या काठच्या मातीतून घडवलं. मडकी भाजायच्या आव्यात मी नेमका अशा जागी लागलो, जिथे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ सगळ्यांत जास्त भडकला. चांगल्या रांजणाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माझी छिद्रं त्या जाळाने बुजली. अंग निळसर काळं झालं. टिचकी मारली की माझ्यातून धातूच्या भांड्यासारखा आवाज येई. उकंडाला तो आवाज आवडला नाही. त्याने मला बाजूला ठेवलं आणि पऱ्हाट्यांच्या दोन भाऱ्यांच्या बदल्यात रुखमाबाईला देऊन टाकलं.

पहिल्याच उन्हाळ्यात माझं पितळ उघडं पडलं. शेजारची तुळसाबाई पाणी प्यायला आली, एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"रुखमा, पानी देल्लं का काढा देल्ला वं? गूळ टाकला असता तं चहा झाला असता."

"पेयाचं असन तं पे, नाई तं घरी जाऊन आपलं पे," रुखमाबाई म्हणाली. पण तिलाही ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने मला मागच्या भिंतीशी, निंबाखाली आडवं टाकून दिलं. पुढची काही वर्षं मी तिथेच पडून होतो. पावसाने माझ्या अंगाभोवती माती साचली, आणि मी अर्धा जमिनीत रुतलो.

आता रुखमाबाईविषयी. तिचा नवरा बळीराम जिनिंगमध्ये कामाला होता आणि ती स्वतः दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाई. छप्पन सालच्या दसऱ्याला ही दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. गावातली मेलेली जनावरं ओढून नेण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम त्या दिवसापासून या घराने बंद केलं. रुखमाबाईने घर चुन्याने पांढरं केलं, अंगण रोज दोनदा झाडायला लागली, आणि एक गोष्ट मनाशी धरून बसली. या घराने मेलेली जनावरं पुष्कळ पाहिली. आता याच अंगणात जित्या जनावरांची वाढ झाली पाहिजे.

म्हणून ग्रामसेवक प्रेमसिंग सरकारी योजनेतली सशांची जोडी द्यायला आले, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तो तिने.

"बाई, नियम ऐकून घ्या," प्रेमसिंग म्हणाले. "जगलेल्या पहिल्या पिलांतली एक जोडी पुढच्या घरी द्यायची. आणि लागोपाठ दोन वेतं वाया गेली, तर हे ससेच पुढच्या घरी जातील."

पुढचं घर तुळसाबाईचं होतं. ती कुंपणापलीकडे उभी होती. तिने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं नीट ऐकलं.

मादी पांढरीशुभ्र होती. कपाशीचं बोंड फुटावं तशी. म्हणून रुखमाबाईने तिचं नाव बोंडी ठेवलं.

बोंडीचं पहिलं वेत झालं ते लाकडी खोक्यात, हिवाळ्याच्या तोंडाशी. सशाची पिलं जन्मतात तेव्हा उघडी, गुलाबी आणि आंधळी असतात. तुमच्या बोटाएवढी. स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवणं त्यांना पहिले काही दिवस जमत नाही. ती एकमेकांना चिकटून एक गोळा करतात आणि त्या गोळ्यात जगतात.

रुखमाबाईला हे ठाऊक नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की खोक्यात गवत आहे आणि त्यावर बोंडीचे झडलेले केस पडले आहेत. तिचा हात स्वच्छतेचा. तिने ते केस आणि गवत झाडून बाहेर फेकलं, खोकं पुसलं आणि वेचणीच्या मजुरीत मिळालेला कापूस आत भरला. सगळ्यांत पांढरा, सगळ्यांत लांब धाग्याचा. आमच्या मुलखात थंडी म्हटली की हात कापसाकडेच जातो. माणसाचं बाळ जन्मलं तरी कापसात गुंडाळतात. यात तिची माया होती, कंजुषी नव्हती.

पण कापूस ओला झाला की दबून चपटा होतो आणि थंड राहतो. त्याचे धागे पिलांच्या पायांना गुंडाळले गेले. एक इथे अडकलं, एक तिथे. गोळा झालाच नाही. आणि एकेका पिलाची ऊब एकेकटीच संपून गेली.

रुखमाबाई खोक्यापाशी बसून राहिली. बळीराम म्हणाला, "कापूस कमी पडला असन."

"हो," ती म्हणाली. "पुढच्या वक्ती जास्त घालू."

मी भिंतीशी पडल्यापडल्या हे ऐकत होतो.

कुंपणापलीकडून तुळसाबाई म्हणाली, "अजून एक डाव राह्यला बरं रुखमा. म्या खोकं करून ठेवलं हाय."

दुसऱ्या वेताची वेळ आली ती भर पौषात. त्या वर्षी थंडी अशी पडली, की तुरीचा फुलोरा करपला आणि बाटलीतलं खोबरेल तेल दगड झालं. बळीरामाने गोणीभर कापूस आणून तयार ठेवला. पण बोंडी खोक्याकडे फिरकेना. एका सकाळी रुखमाबाई अंगण झाडत असताना तिने बोंडीला पळताना पाहिलं. तोंडात गवताच्या काड्या, दोन्ही बाजूंनी मिशांसारख्या. ती थेट माझ्याकडे आली आणि माझ्या तोंडातून आत शिरली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या आत मुंग्यांशिवाय कोणी आलं नव्हतं.

बोंडी बाहेर गेली, पुन्हा गवत घेऊन आली. असं कितीतरी वेळा. मग अगदी मागच्या, सगळ्यांत खोल भागात तिने गवताची वाटी केली, आणि तिच्यात बसून स्वतःच्या छातीचे केस दातांनी उपटायला लागली. मूठ मूठ केस. ते ती गवतावर नीट पसरत होती.

रुखमाबाई माझ्या तोंडाशी वाकून बघत होती. तिच्या हातातला झाडू तसाच राहिला.

"अवो," तिने बळीरामाला हाक मारली. "इकडे या. हे केस झडत नाई. ते उपटून राह्यली."

"मंग?"

"मंग काय? मांगच्या वक्ती म्या तिच्या लेकरायचं पांघरून उकिरड्यावर टाकलं."

बळीरामाने कापसाच्या गोणीकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते झालं ते झालं. आता तिले बाहेर काढ. खोक्यात कापूस भरून ठेवला हाय. या फुटक्या रांजनात कायले?"

फुटका! मी कधीही फुटलो नव्हतो. पण रांजणाला बोलता येत नाही.

"तिनं निवडला हाय," रुखमाबाई म्हणाली. "राहू द्या."

"कापसाच्या मुलखात राहून पिल्लाइले कापूस नाई? लोक हासतीन."

"हासू द्या. कापूस माह्या मनाले ऊब देते. तिच्या पिल्लाइले देते का नाई, ते म्या पाह्यलं."

मग बोंडी चरायला बाहेर आली तेव्हा रुखमाबाईने एक काम केलं. माझ्या अंगावर माती ओढली, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, एक तट्टं उभं केलं. जमिनीच्या पोटात हवेइतकी थंडी पोचत नाही. आता मी त्या पोटात होतो. आणि इथे माझा दोष कामाला आला. दुसरा एखादा रांजण असता, तर मातीतली ओल त्याच्या अंगातून झिरपून आत आली असती आणि वाळताना तिने पिलांची ऊब नेली असती. माझ्यातून एक थेंब आत आला नाही. उकंडाच्या आव्यातला तो जास्तीचा जाळ त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडला.

पिलं झाली. बोंडीने त्यांना पाजलं, केसांनी झाकलं आणि ती बाहेर निघून गेली. दिवसभर फिरकली नाही. तुळसाबाई बघायला आलीच.

"माय हाय का सवत वं हे? लेकरं टाकून खुशाल पाला खाऊन राह्यली."

रुखमाबाईलाही घोर लागला. पण तिने हात आत घातला नाही. फक्त बघत राहिली. झुंजूमुंजू होताना बोंडी आली, थोडा वेळ पाजून गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. सशाची रीतच ती आहे. आई सारखी पिलांपाशी राहिली, तर तिच्या वासाने कोल्हा-मुंगूस तिथे येईल. ती दूर राहते, हीच तिची राखण. तेव्हा कुठे रुखमाबाईने केसांच्या थराखाली दोन बोटं अलगद सरकवली, आणि तिचं तोंड उजळलं. आत भाकरीच्या टोपल्यासारखी ऊब होती.

पण थंडी थांबायला तयार नव्हती. सगळ्यांत कडक सकाळी रुखमाबाई आली तेव्हा एक पिलू माझ्या तोंडाबाहेर, उघड्या मातीवर पडलेलं होतं. पिताना आईला चिकटून राहिलं असावं आणि तिच्याबरोबर ओढलं गेलं असावं. रुखमाबाईने ते उचललं. ते दगडासारखं थंड होतं.

तुळसाबाई कुंपणातून आत आली. "मेलं वं हे. फेक."

"मेलं नाई. थंडं झालं."

"थंडं होनं अन् मरनं, दोनीत काय फरक असते?"

"असते. हे पाय, इथं बोट लाव. आत काईतरी हालते."

तुळसाबाईने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"असंच आत ठेवलं तं बाकीच्याइची ऊब खाईन," रुखमाबाई म्हणाली. "आधी हेच गरम झालं पाह्यजे. माहे हात बर्फावानी हायेत, अन् चूल पेटवाची हाय. तू धर."

"मी? मी कायले?"

"अवं, हे वेत गेलं तं ससे तुह्ये. जगलं तं यातली जोडी तुही. तुले दोनीकडून भेटतेच."

तुळसाबाईचं तोंड उघडंच राहिलं. "जगलं तं जोडी? हे मले कोनी सांगतलंच नाई!"

"सांगतलं होतं. तू अर्धंच आयकलं."

तुळसाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिलाकडे. मग लुगड्याच्या ओच्यात, थेट पोटाच्या कातडीशी ते पिलू ठेवलं, वरून पदर गुंडाळला आणि पेटलेल्या चुलीपाशी जाऊन बसली. रुखमाबाई भाकरी थापत होती. तिचं लक्ष भाकरीत नव्हतं. मागचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. पहिली भाकर करपली. दुसरी करपली.

"अवं, माह्या घरी बी सैपाक पडला हाय," तुळसाबाई कुरकुरली. पण उठली नाही. श्वाससुद्धा बेताने घेत होती.

आणि एकाएकी ती ओरडली. "अवं माय! अवं रुखमा, आंगावर काईतरी चाललं वं!"

"काईतरी काय? ससाच हाय थो."

"मले माहीत हाय ससा हाय! पोटाले ढुसन्या देऊन राह्यला! दूध पाहून राह्यला मेला!" ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. बळीराम दारातून हे बघत होता. त्याने कापसाची गोणी उचलली आणि गादीवाल्याकडे नेऊन दिली.

माणसाचा वास झाकावा म्हणून रुखमाबाईने बोंडीचे केस हाताला चोळले आणि ते पिलू बाकीच्यांच्या मधोमध ठेवलं. ते आत घुसलं. गोळा जरासा हलला, सरकला आणि त्याला जागा करून पुन्हा बंद झाला. मग तिने माझ्या तोंडाशी ओल्या मातीचा एक उंबरा घातला, म्हणजे पुढे कोणी ओढलं गेलं तर तिथेच अडकून आत पडावं.

त्या वेतातलं एकही पिलू गेलं नाही. त्यांच्या अंगावर लव आली, डोळे उघडले, आणि एका उबदार दुपारी पहिलं नाक त्या उंबऱ्यावरून बाहेर आलं. जगात त्याने सगळ्यांत आधी पाहिली ती रुखमाबाई. तिने बळीरामाला हाक मारली, ती साऱ्या गल्लीला ऐकू गेली. मेलेली जनावरं ओढणाऱ्यांचं घर म्हणून ज्या अंगणाला लोक ओळखत, तिथे लोक पिलं बघायला आले. प्रेमसिंगही आले, वाकून माझ्या आत बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे खोकं कुठून आणलं तुम्ही?"

"खोकं नाई, साहेब. रांजन हाय," रुखमाबाई ताठ मानेने म्हणाली. "अन् जागा बोंडीनं पसंत केली."

तुळसाबाईने आपली जोडी निवडली. त्यातलं एक कोणतं असणार, हे तिला विचारायची कोणाला गरजच पडली नाही. त्याला उचलून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "हे माह्या पोटापाशी जगलं."

पुढचे अनेक हिवाळे माझ्या आत पिलं वाढली. आता मी म्हातारा झालो आहे, काठ झिजला आहे, आणि माझ्यावर निंबाचा पाला साचतो. पण मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. कुणाचं लहानगं पिलू तुमच्या अंगणात आलं, तर माया करायची घाई करू नका. आधी त्याच्या आईने काय मांडून ठेवलं आहे ते बघा. तिचं गवत, तिचे केस, तिची जागा. त्यात कमी पडेल तेवढंच तुम्ही द्या. वाऱ्याला आडोसा, गारठलेल्याला अंगाची ऊब.

त्या हिवाळ्यानंतर दर पौषात, बोंडी माझ्यात शिरली की रुखमाबाई माझ्यासमोर येऊन बसे. दोन्ही हात मांडीवर ठेवी आणि नुसती बघत राही. ते रिकामे हात सांभाळणं तिला सगळ्यांत जड जाई, आणि बोंडीची पिलं त्यामुळेच जगत.