सात वेळा व्हय म्हाराजा

देवासमोर दिलेला शब्द मोडायची आमच्या घरात कोणाची टाप नाही. नवऱ्याची नाही, मुलाची नाही, आणि माहीमहून आलेल्या सुनेची तर मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी लबाडी होती असं कोणी म्हणायला नको. थोडी होती. पण थोडीच.

मी शेवंती. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तेहतीस वर्षं आया होते. वॉर्डात मला नाव नव्हतं, सगळे मावशीच म्हणायचे. मावशी, पाणी. मावशी, चादर. मावशी, जरा कूस बदलून द्या. त्या हाकेला मी किती वेळा उठले असेन कोण जाणे. माझ्या जोडीला माया असायची, तिथल्याच बीडीडी चाळीतली. तिलाही मावशीच म्हणायचे. हाक आली की दोघी एकदम उठायचो आणि मग भांडायचो, तू बस गं, मी जाते. रिटायरही एकाच दिवशी झालो. हार घातले, नारळ दिला, फोटो काढला. घरी येऊन बघते तर पाय भाकरीसारखे टम्म फुगलेले.

दुसऱ्या दिवशी निलेश, माझा मुलगा, म्हणाला, "आई, आता तुला फक्त आराम. आपण मस्तपैकी कुठेतरी जाऊया."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे रजा म्हणजे गाव. मे महिन्यात गाव, गणपतीत गाव. तिथे पोचलं की पदर खोचायचा, घर झाडायचं, वीस माणसांचं रांधायचं. परत वॉर्डात आले की मला सुटी लागल्यासारखं वाटायचं. साठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की नुसतं बसायला चल.

पण जायचं कुठे यावरून घरात जे महाभारत सुरू झालं, ते पंधरा दिवस संपेना.

निलेशच्या डोक्यात क्रूझ. मुंबईहून बोट निघते, गोव्याला जाते, परत येते, तीन रात्री. आकांक्षाला, म्हणजे सुनेला, समुद्राकाठचं रिसॉर्ट पाहिजे होतं, तेही ऑल इन्क्लुजिव. करी रोडला आमची चाळ पाडून जो टॉवर झाला, त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि तिथे दोघं समोरासमोर मोबाइल घेऊन बसायचे.

"बोट हलते. उलट्या झाल्या तर?" आकांक्षा म्हणायची.

"तुझ्या रिसॉर्टला चार तास घाट आहे. तिथे नाही होत उलट्या?"

"आणि समुद्रात रेंज नसते. कोणाला काही झालं, अर्जंट काही लागलं, तर आईंना फोन कसा लागणार?"

हे माझ्या कानावर आलं आणि हातातली लसूण हातातच राहिली. रेंज नसते? म्हणजे हाक पोचतच नाही? मनात गाठ मारून ठेवली.

माझा नवरा रामदास या सगळ्यात टीव्हीचा आवाज वाढवून बसलेला. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली बिचाऱ्याने, माणूस सरळ आहे, पण चहासुद्धा हातात आयता लागतो.

एका संध्याकाळी मी आकांक्षाला सहज विचारलं, "अगं, ऑल इन्क्लुजिव म्हणजे त्यात नेमकं काय काय आलं?"

"सगळंच, आई. नाश्ता, जेवण, चहा, पूल, सगळं. आणि अनू तुमच्याजवळ असली की आम्ही दोघं मसाज वगैरे करून येऊ."

अनू म्हणजे अनुजा, माझी नात, साडेतीन वर्षांची. गुणाची आहे, पण दोन मिनिटं एका जागी टिकली तर शपथ.

मग निलेशला विचारलं, बोटीवर खोल्या कशा? तो म्हणाला, "दोन घेतोय. एक बाल्कनीवाली, आमची. एक आतली, तू, बाबा आणि अनू."

"आतली म्हणजे?"

"खिडकी नसते गं. पण झोपायलाच तर जायचं."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. माझ्या आरामासाठी निघालेले हे! बोट असो की रिसॉर्ट, पोर माझ्या काखेत आणि नवरा माझ्या गळ्यात, ते तर आधीच ठरलेलं. फक्त जागा बदलत होती. रात्री मायाला फोन लावला, तर ती हसून हसून बेजार. "माझ्याकडे वेगळं नाही गं," ती म्हणाली. "मुलगी म्हणते, आई, आता तू मोकळीच आहेस ना, मग बाळंतपणाला येऊन राहा."

"चल, आपण दोघी जाऊ," मी बोलून गेले.

"तू घरी सांग आधी. मग मी बॅग भरते."

घरी सांगायचं कसं? मी तोंड उघडलं की निलेश म्हणणार, आई, तू थकली आहेस म्हणून चिडतेस. तेहतीस वर्षं मी लोकांच्या मनासारखं केलेलं, आता माझ्या मनासारखं मागायला जीभच वळेना.

वाट काढली ती रामदासने, आणि तीही नकळत. पंधराव्या दिवशी त्याला मॅच ऐकू येईना तेव्हा तो ओरडला, "बस झालं! देवाचा कौल घेऊया."

आम्ही कोकणातली माणसं. लग्न असो, विहीर असो, अडलं की गावच्या देवाला विचारायचं. गुरव देवाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवंय ते देवाला मोठ्याने सांगायचं. एकाने एकेक वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून, डोळे मिटून म्हणायचं, व्हय म्हाराजा. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं ते. वाक्य संपलं की जीभ आपोआप हलते. आकांक्षाला लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत हे जमेना, सगळे हसले, तेव्हापासून ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणते.

रविवारी सकाळी आंघोळी करून सगळे बसले. निलेशने गावी कुशाबा गुरवाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीला जोडला. पडद्यावर देवळाचा गाभारा, समोर कुशाबा, हातात पाकळ्या. रामदासने सांगितलं, "कुशाबा, शेवंतीच्या आरामासाठी जायचंय. उजवीकडे बोट, डावीकडे रिसॉर्ट. लाव कौल."

कुशाबाने हात थांबवला. "आराम कोणाक व्हयो?"

"शेवंतीला."

"मगे गाऱ्हाणा तुमी कित्याक घालतास? जेका व्हया तेनाच मागूचा. वहिनी, तुमी बोला."

आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुषमाणूस घालतो. मी चाळीस वर्षं मागे बसून व्हय म्हाराजा म्हणत आलेली. मग पायांकडे नजर गेली. सूज अजून उतरली नव्हती. मी पदर सारखा केला, हात जोडले आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक शेवंती, तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या हाकेला उठत आली, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघं म्हणाले.

"आता तिला आराम पाहिजे, आणि तो तिचा एकटीचा आराम असूदे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ती बोटीने जाईल, खिडकीवाल्या खोलीत राहील, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." निलेशचा आवाज सगळ्यांत आधी. त्याला वाटलं, क्रूझ जिंकली.

"तिच्या सोबतीला तिची मैत्रीण माया असेल, दुसरं कोणी नसेल, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी एक डोळा किलकिला केला. तिघांचे डोळे मिटलेले. गाडी रुळावर होती, मी थांबले नाही.

"नातीला तेवढे दिवस तिचे आईबाप रजा घेऊन सांभाळतील, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आकांक्षा खणखणीत म्हणाली आणि मग तिने डोळे उघडले.

"नवरा आपला चहा आपल्या हाताने करील आणि कप विसळून ठेवील, रे म्हाराजा."

"व्हय म्हा…" रामदासचं अर्धं बोलून झालं, आणि अर्ध्यावर सोडायची तर सोय नाही, म्हणून "…राजा" पण म्हणाला.

"आणि ह्यात जो कोण आडवा येईल, त्याला तूच काय ती अक्कल दे, रे म्हाराजा."

आता तिघं माझ्याकडे बघत होते. पण पडद्यावर कुशाबा हात जोडून उभा होता, त्याच्यामागे देव होता, आणि कुशाबानेच आधी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मागोमाग ह्या तिघांनीही म्हटलं, अगदी हळू.

सात झाले. मी बोटांवर मोजत होते.

"कुशाबा," रामदास घसा खाकरत म्हणाला, "तू पाकळ्या लाव बघू. कौल काय म्हणतो ते…"

"कौल कित्याक? घरात एकमत नसला तर देवाक विचारतत. हय तर सगळ्यांनी सात येळा व्हय म्हटल्यानी. तू म्हटलंस मा, रामदासा? मी कानांन आयकलंय." त्याने पाकळ्या देवाच्या पायावर वाहिल्या आणि नारळ ठेवला.

निलेश माझ्याजवळ येऊन बसला. "आई, तू सरळ सांगायचं ना."

"तू सरळ विचारलंस कधी?"

त्याने फोन काढला आणि स्वतःच बुकिंग केलं. बाल्कनीवाली खोली माझ्या आणि मायाच्या नावावर घेतली. आकांक्षाने मायाला फोन लावून सांगितलं, मावशी, बॅग भरा. माझी सून मनाने वाईट नाही, हे मी तिच्या तोंडावरही म्हणते.

जानेवारीत आम्ही निघालो. बॅलार्ड पिअरला सोडायला सगळं घर आलं होतं. अनू रडली, मग तिच्या बापाने तिला आइस्क्रीम दिलं आणि ती मला विसरली. माझी आई, सुंदराबाई, लग्न होऊन ह्याच समुद्रातून मुंबईला आली होती, बोटीच्या उघड्या डेकवर, ट्रंकेवर बसून, रात्रभर वांत्या करत. मी त्याच पाण्यावर बाल्कनीत खुर्ची टाकून बसले आणि वेटरने चहा आणला. सवयीने ट्रे घ्यायला उठले, तर मायाने माझा हात धरून खाली बसवलं.

शेवटचा फोन रामदासचा आला. "चहाची पावडर कुठे आहे गं?"

"शोधा," मी म्हणाले. तेवढ्यात रेंज गेली. वायफाय विकत मिळत होतं. आम्ही घेतलं नाही.

सकाळी सहाला बाहेरच्या पॅसेजमधून कोणीतरी मोठ्याने हाक मारली, "मावशी! अगं मावशी!"

आम्ही दोघी ताडकन उठून बसलो. माझे दोन्ही पाय पलंगाखाली, चपला शोधतायत. मायाचा हात चष्म्यावर. पुण्याकडची कोणी मुलगी होती, आपल्या सख्ख्या मावशीला नाश्त्याला बोलवत होती. पावलं पुढे निघून गेली.

मी मायाकडे बघितलं, मायाने माझ्याकडे.

"तू बस गं, मी जाते," माया म्हणाली आणि दोघींना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग मी दोन्ही पाय वर घेतले, पांघरूण ओढलं आणि नऊ वाजेपर्यंत झोपले.