घराण्याची शिंक

माझी धाकटी बहीण सोमवारी मान वर करून शाळेत गेली. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून ती पांघरुणात आहे आणि म्हणते, "शाळा सोडली मी. कायमची."

कारण तिचा शिंकतानाचा फोटो. वर्गातल्या मॉनिटरने त्याचं स्टिकर बनवून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. उद्या गणिताची चाचणी आहे? स्टिकर. कुणाचा वाढदिवस? स्टिकर.

बाबा म्हणाले, "त्या पोराचा फोनच फोडतो!"

"फोडा," आई म्हणाली. "मग वर्गातल्या बाकीच्यांचे फोडायला निघा. डबा देते."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दुरुस्तीनंतर आधी स्वतः आत बसायचं, मग लोकांना बसवायचं, हा त्यांचा नियम. स्वयंपाकघरातून मिरपूड आणून त्यांनी नाकाशी धरली.

"काढ गं फोटो!"

आईने काढला. मिशीचं एक टोक कपाळाकडे निघालं होतं. बाबांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "ही आमच्या घराण्याची शिंक. मुलीला माझ्याकडून मिळाली. तिचं स्टिकर करणाऱ्याच्या घरी मी संध्याकाळी येणार. भांडणार नाही, पण बोलल्याशिवाय उठणारही नाही."

आईने फोन पांघरुणात सरकवला. आतून आवाज आला, "बाबा, मिशी!" आठवड्यातलं तिचं पहिलं हसू.

संध्याकाळी बाबा चपला घालत होते, तोच मॉनिटरची आई त्याला घेऊन दारात हजर.

"आमचा असं करणार नाही हो," त्या म्हणाल्या.

"मीच केलंय, आई. आणि तू ते मावशीला पाठवलंस. गुड मॉर्निंग म्हणून."

त्यांनी पर्समधून फोन काढला. "कुणाची तरी लेक आहे, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"माझी आहे," बाबा म्हणाले.

बाईंनी आधी मावशीला फोन लावून ते पुसायला लावलं. मग लेकाला म्हणाल्या, "ग्रुपवर केलंस ना? माफीही तिथेच माग. आत्ता, माझ्यासमोर." त्याने लिहिलं. मग त्यांनी मिरपुडीची डबी मागून घेतली आणि फोटोसाठी ताठ बसल्या.

धाकटी पांघरुणातून बाहेर आली. "काकू, थांबा. फोटो मी काढते."

तरी माझा त्या स्टिकरवाल्या अ‍ॅपच्या कंपनीकडे अर्ज गेला आहे: "कोणाचाही फोटो पुढे पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याने स्वतःचा शिंकतानाचा फोटो, पालकांच्या सहीसह, जोडणे सक्तीचे करावे. मिरपूड कंपनीने पुरवावी, ही नम्र विनंती."