कर्णरत्न

विमान भंगारात निघाल्याची बातमी आली तेव्हा पहिला हुंदका दातांच्या डॉक्टरांनी दिला. ते त्या विमानाच्या चाहते मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यात ते त्या विमानात एकदाच बसले, वयाच्या नवव्या वर्षी, आणि सगळा प्रवास त्यांनी कागदी पिशवीत तोंड घालून केला. हे त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं. ती पिशवी जपून ठेवायला हवी होती, याची हळहळ त्यांना अजून आहे.

मंडळात एकवीस जण. सगळे पुरुष, सगळे चाळिशीपुढचे आणि सगळ्यांच्या बायका सोशिक. एकाने विमानाच्या खिडकीत घड्याळ बसवलंय. एकाच्या दिवाणखान्यात विमानातली तीन खुर्च्यांची अख्खी रांग आहे आणि पाहुण्याने बसल्यावर पट्टा लावला नाही तर चहा येत नाही. विमानाला विमान म्हणायचं नाही, राणी म्हणायचं. राणीचा आवाज म्हणजे तर यांचा जीव की प्राण. शेपटीशी तीन इंजिनं आणि गडगडाट असा, की धावपट्टीशेजारच्या वस्तीने अर्जांवर अर्ज करून तिची पहाटेची फेरी बंद पाडली होती. त्या अर्जदारांचं नाव काढलं की अध्यक्षांचे ओठ थरथरतात. दर महिन्याच्या बैठकीत ही मंडळी डोळे मिटून बसतात, सचिव एक रेकॉर्डिंग लावतो आणि बाकीच्यांनी ओळखायचं: कितवं इंजिन, चढतंय की उतरतंय, वारा कुठल्या बाजूचा. बायकोने स्वयंपाकघरातून मारलेली हाक यातल्या एकाला तरी पहिल्यांदा ऐकू येत असेल का, अशी मला दाट शंका आहे.

आणि या लोकांनी माझ्या बाबांना 'कर्णरत्न' पुरस्कार जाहीर केला.

बाबा त्याच विमानाचे मेकॅनिक, एकतीस वर्षं. इंजिन सुरू झालं की खाली उभे राहायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि सांगायचे, दोन नंबरचं मागचं बेअरिंग जाणार. आठवड्याच्या आत ते जायचं. हे सचिवाला कुठूनसं कळलं आणि त्याने मंडळाच्या अंकात चार पानं लिहिली. त्या चार पानांत एक गोष्ट नव्हती. पाळीत माणसं सहा आणि कानावर लावायचे इअरमफ दोन. त्यातला एक साहेबांचा, जे काचेच्या खोलीत बसायचे. बाबांचा डावा कान नोकरीतच गेला. उजवा निवृत्तीनंतर मंदावत गेला. "उजव्यात येतं गं थोडं, जरा मोठ्याने बोल," असं ते म्हणतात, म्हणून मी, माझा नवरा आणि सात वर्षांची लेक, आम्ही सगळे बाबांवर उजव्या बाजूने ओरडतो. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोनवर असते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, त्यामुळे मला सराव आहे.

अध्यक्ष आमंत्रण घेऊन घरी आले. राणी तोडायच्या दिवशी, तिच्याच समोर समारंभ. बाबांना पदक, आणि बाबांनी डोळे मिटून तिचं शेवटचं रेकॉर्डिंग ओळखून दाखवायचं. मी तोंड उघडलं तसा बाबांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. अध्यक्ष गेल्यावर मी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"बाबा, सरळ सांगून टाका ना! यात लाज कसली?"

"एकतीस वर्षांत तिथे मला कुणी बस म्हटलं नाही," बाबा म्हणाले. "हे लोक मधली खुर्ची देतायत. तू मध्ये बोलू नकोस."

"अहो, पण ओळखणार कसं?"

"ते तू बघ."

शाळेत मी कधी कॉपी केली नाही. चाळिशी उलटल्यावर ती वडिलांसाठी करायची पाळी आली. सचिवाला फोन केला आणि म्हटलं, बाबांचं ब्लडप्रेशर वर जातं हो, भावना आवरत नाहीत, कुठलं रेकॉर्डिंग आहे ते आधी कळलं तर त्यांच्या मनाची तयारी करून घेईन. तो विमा विकणारा माणूस, पण हळवा. गळ्याची शपथ घालून सांगितलंन: शेवटचं उड्डाण, दोन नंबरचं इंजिन. मग उजव्या कानाचा भरवसा नको म्हणून आम्ही खूण ठरवली. बाबांनी डोळे मिटल्यासारखे करून फटीतून माझ्याकडे बघायचं. आवाज सुरू झाला की मी चष्मा काढायचा. थांबला की घालायचा. मग बाबांनी उत्तर द्यायचं. घरी मिक्सर लावून तीनदा तालीम केली आणि बाबा तिन्ही वेळा पहिले आले.

समारंभ भरदुपारी, विमानतळाच्या मागच्या कुंपणाशी. राणीची शेपटी आधीच उतरवलेली होती. इंजिनं विकली गेली होती, चाकं गेली होती, आणि पोट लाकडी ओंडक्यांवर टेकून ती बसली होती. शेजारी लांब मानेची तोडायची क्रेन उभी. तिचा चालक आत बसून हातातल्या डब्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. बाबांना खरोखरच मधली खुर्ची मिळाली. इस्त्रीच्या शर्टात ते असे ताठ बसले होते की मला बरं वाटलं, कॉपीचं सगळं पाप धुऊन निघाल्यासारखं वाटलं. पदक राणीच्याच पत्र्याचं होतं, कानाच्या आकाराचं. अध्यक्षांनी ते स्वतः घासून गुळगुळीत केलं होतं, दाताला बसवायच्या कॅपसारखं.

"आता सर्वांनी डोळे मिटावेत," अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यांनी मिटले. सचिवाने लाउडस्पीकरशेजारचं बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने परत दाबलं आणि तो वाकून वायरी चाचपायला लागला. मी चष्मा नाकावर घट्ट धरून बसले. पण बाबांनी सचिवाचं बोट बटणावर गेलेलं पाहिलं होतं, आजूबाजूचे डोळे मिटलेले वीस चेहरे पाहिले होते, आणि समारंभाचा मान राखायचा म्हणून त्यांनीही डोळे घट्ट मिटून घेतले. हे आमच्या तालमीत नव्हतं.

अर्धं मिनिट गेलं. कुंपणापलीकडे एक कुत्रं भुंकलं, बाकी शांतता. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतला टोपीवाला सभासद मान डोलवत म्हणाला, "आहाहा!" त्याच्या शेजारच्याने मांडीवर ठेका धरला. एकाने रुमाल काढला. आणि मग बाबा, मान जराशी तिरकी करून, ठणठणीत आवाजात:

"दोन नंबरचं इंजिन. चढतंय. मागच्या बेअरिंगला घरघर आहे."

"सर," सचिव टेबलाखालून म्हणाला, "अजून लावलं नाहीये. वायर निघालीय."

वीस जणांनी डोळे उघडले. टोपीवाला पटकन म्हणाला, "तरी मी म्हणतोय, आज आवाज जरा मंद का येतोय!"

आता संपलं, असं म्हणून मी पर्स उचलली. पण अध्यक्ष कसले ऐकतात. ते उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. "मित्रहो, यांना आवाजाची गरजच नाही! राणी यांच्या मनात वाजते आहे!" टाळ्या. दोघांनी बाबांचे पाय धरले. मी मनात म्हटलं, सुटलो. या वेड्यांपुढे माणूस उघडा पडणंसुद्धा अवघड आहे.

पायांना हात लागल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवणारे हात पाहिले. मग सचिवाच्या हातात लोंबकळणारी वायर पाहिली. मग माझा चष्मा. तो नाकावरच होता. ते खुर्चीतून उठले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. दोन्ही कान गेलेत. या राणीनेच खाल्ले."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं आता यांना लाज वाटेल. अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले, "केवढा त्याग!" सचिवाने मोबाइल काढून बाबांच्या तोंडासमोर धरला. टोपीवाला पुढे आला, ओठ मोठे हलवत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मग शेवटचा कुठला आवाज ऐकलात? राणीचाच ना?"

बाबांनी ते ओठ नीट वाचले.

"ते आठवत नाही," ते म्हणाले. "पण नातीचा आवाज मी ऐकलेलाच नाही. ती सात वर्षांची आहे."

 मग सचिव अध्यक्षांना हळूच म्हणाला, "व्हिडिओतून नातीचं कापून टाकू या का? राणीपाशीच संपवलं तर बरं दिसेल." अध्यक्ष म्हणाले, हो, विषयांतर होतंय. मी त्या दोघांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तक्रार कक्षात बावीस वर्षं जे ऐकलं ते सगळं मी त्यांना व्याजासकट परत केलं. तेवढ्यात क्रेनवाल्याने ओरडून विचारलं, "साहेब, तोडू का? जेवायचं राहिलंय." आणि सगळे मोबाइल विमानाकडे वळले.

खरं सांगायचं तर माझा राग मंडळावर नव्हता. तो बाबांवर होता. उजव्यात येतं थोडं! माझी लेक बाळ असताना बाबा तिला घेऊन येरझाऱ्या घालायचे, ती भोकांड पसरायची तेव्हा म्हणायचे, काय खणखणीत आवाज आहे हिचा! ती गाणं म्हणते तेव्हा ठेका धरतात. तिच्या विनोदांना हसतात, आणि बरोबर जागेवर हसतात. आठ वर्षं मी त्यांच्या उजव्या कानात ओरडत राहिले आणि ते मान हलवत राहिले. घरी जाईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि बोलले असते तरी काय फरक पडला असता, हेही मला वाटेत कळलं.

संध्याकाळी जेवताना लेक नेहमीप्रमाणे आजोबांच्या उजव्या बाजूला बसली आणि तिने शाळेत ऐकलेला विनोद त्यांना सांगायला सुरुवात केली. हातवारे करून, घसा ताणून. मी समोरच बसले होते. विनोद संपला. मी मुद्दाम हसले नाही.

बाबाही हसले नाहीत. घास हातात धरून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि लेक त्यांच्याकडे.

मग मी हसले.