खंडाळ्याची मानाची गाडी

जयराजनं ती गाडी आणली तेव्हा तानाजीच्या पोटात दुखलं नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. उलट तो हसला होता. सांगलीच्या एका डॉक्टरांच्या घरामागं बाभळीखाली गंजत पडलेली छप्पन सालची फियाट त्याच्या या चुलतभावानं ट्रॉलीत घालून जांभूळवड्यात आणली. चाकं नाहीत, काचा नाहीत, दार उघडलं तर आतून कोंबडी उडाली. "जयराज भंगारचं दुकान काढतोय," असं तानाजी आपल्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पोटदुखी सुरू झाली ती तानाजीचे वडील सयाजीआबा त्या गाडीखाली शिरले तेव्हा.

आबा फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. पेन्शनवर घरी आल्यापासून त्यांचं बोलणं बेताचंच. तानाजीशी तर कामापुरतं. मोटर चालू केलीस का, खत आलं का, संपलं. तो माणूस जयराजच्या शेडात जाऊन चक्क गुणगुणायला लागला. सकाळी चहा झाला की पाने-पक्कड घेऊन निघायचा, तो जेवायलाच परत. जेवतानाही कार्बोरेटर. जयराजचे वडील तो लहान असतानाच गेलेले, त्यामुळं तोही त्यांना 'आबा'च म्हणायचा, आणि आबा त्याला 'लेका' म्हणायचे. हा 'लेका' तानाजीच्या कानात गरम तेलासारखा जायचा. चाळीस वर्षांत आबांनी त्याला 'तान्या'च्या वर काही म्हटलं नव्हतं.

"तुमी पण जावा की शेडात," त्याची बायको क्रांती म्हणायची. "कोण अडवतंय?"

"मला कुणी बोलवलंय?"

"घरच्या माणसाला आवतान लागतं व्हय?"

 तानाजी ताट सरकवून उठायचा.

दोन पावसाळे गेले आणि ती कोंबड्यांची खोली खरोखर चालायला लागली. काळी कुळकुळीत, तोंड बघावं अशी. त्यातच सांगलीच्या एका हौशी क्लबानं जुन्या गाड्यांची सातारा ते सांगली रॅली जाहीर केली. जयराजनं खटपट करून मधला चहापाण्याचा थांबा जांभूळवड्यात आणला. रॅलीतल्या सगळ्यात जुन्या गाडीला एक नंबरची पाटी मिळणार होती, आणि तोवर आलेल्या नावांत सगळ्यात जुनी होती जयराजची फियाट.

ही बातमी देवळापुढं पोचली आणि गावानं तिला गावचा आकार दिला. आमच्याकडं बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत पानाफुलांची दोरी बांधतात, तिला कर म्हणतात. गावचे जुने मानकरी भाऊसो, त्यांच्या घरचा मानाचा बैल तो कर तोडून आत येतो, मग बाकीचे बैल. त्याच्या आधी वेशीतून शेळीसुद्धा जात नाही. भाऊसो म्हणाले, गाड्या पण वाजतगाजतच येणार, मग कर बांधायचा आणि जुन्या गाडीनं तोडायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या कट्ट्यावरून आबा उठले आणि म्हणाले, "गाडी मी हाणीन."

बस्स, एवढंच. पण ज्या माणसानं आयुष्यात गावाकडं काही मागितलं नाही, त्यानं हे मागितलं होतं. भाऊसोंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. जयराजच्या डोळ्यांत पाणी आलं. तानाजीच्या अंगाची लाही लाही झाली.

त्या संध्याकाळी त्यानं दुकानात बसून मोबाइलवरून रॅलीत एक गाडी घातली. चौतीस सालची, मरून रंगाची, मुक्काम खंडाळा. फोटो इंटरनेटवरून कुठल्यातरी परदेशातल्या बंगल्यापुढचा उचलला. फोन नंबर दिला दुकानातल्या दुसऱ्या सिमचा. चालकाच्या जागी नाव टाकलं शंभूराज. सोबत कोण, असं विचारलं होतं, तिथं त्यानं लिहिलं: वडील. असं का लिहिलं, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. मला विचाराल तर सांगणं अवघड नाही.

दुसऱ्या दिवशी नवी यादी आली आणि फियाट दोन नंबरला गेली. जयराजचं तोंड एवढंसं झालं. तानाजीला कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं. पण आबा? आबांनी तो फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "काय चीज हाय रं! चौतीसची! आणि बाप-लेक मिळून चालवत्यात म्हणं. बघायला पायजे." दुःख नाही, राग नाही. तिचा मान तिला, आपण मागनं जाऊ, म्हणाले आणि शेडात गेले. तानाजीचा घास तोंडातच फिरला.

रॅलीच्या सकाळी साताऱ्यात गाड्या जमल्या आणि खंडाळ्याची गाडी अर्थातच आली नाही. क्लबची साक्षी नावाची मुलगी सगळं बघत होती. तिनं फोन लावला. इकडं जांभूळवड्यात तानाजी शाळेच्या मागं जाऊन, आवाज जाड करून, पुणेरी मराठीत बोलला. "हो मॅडम, थोडा उशीर झालाय. तुम्ही निघा, आम्ही थेट जांभूळवड्यात भेटतो." गाडी बाद झाली असं तो सहज सांगू शकला असता. पण मग पाटी जयराजला गेली असती.

गाड्या आल्या तेव्हा अख्खा गाव वेशीत होता. हलगी वाजत होती, बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. पुढं फियाट, आबा स्टेअरिंगवर, अंगात फौजेतला जुना खाकी स्वेटर, शेजारी जयराज. मागं पंधरा-वीस गाड्यांची रांग. आणि वेशीत कराखाली काठी आडवी धरून भाऊसो.

"मानाची गाडी कुठं हाय?"

"ती मागून येतीय काका," साक्षी पुढं येऊन म्हणाली. "या गाड्या आत घेऊया ना, सगळ्या तापतायत."

"तापू देत. मान हुईपतूर कोण आत येणार न्हाई."

"अहो, पण..."

"ताई, आमच्याकडं एकदा मानाच्या बैलाला ताप हुता, तर गाव दिवसभर हितं बसलं हुतं. तुमच्या गाड्यांनी घटकाभर थांबाय काय झालं?"

असली चूक आमच्याच गावानं करावी. रस्त्यावरच्या लोखंडाला बैलाचा कायदा लावला आणि वर त्याचा अभिमान. मोटारींच्या तोंडातून वाफा निघायला लागल्या. टोपीवाले हौशी लोक घड्याळं बघायला लागले. गर्दीत मागं उभा राहून तानाजी हे सगळं बघत होता आणि त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. जयराजला घाम फुटला होता. त्या घामाकडं तो आइस्क्रीम खाल्ल्यासारखा बघत होता.

खिशात फोन थरथरला. साक्षीच. तानाजी कडब्याच्या गंजीमागं गेला. आता हे मिटवावं म्हणून म्हणाला, "मॅडम, कराडच्या पुढं गाडी बंद पडलीय. पाणी उकळलं. आम्ही येत नाही, तुम्ही जा पुढं."

साक्षीनं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. भाऊसो काठी खाली घेणार तोच फियाटचं दार उघडलं आणि आबा उतरले.

"बंद पडली? आणि आमी हितं हार घालून घ्यायचं?"

"आबा, ते म्हणाले पुढं जा," जयराज म्हणाला.

"ते म्हणणारच. बाप-लेक दोघंच उन्हात बसल्यात. लेका, पडलेली गाडी सोडून ताफा पुढं जात न्हाई. मी तिला चालू करून आणतो, तवर कुणी कराला हात लावायचा न्हाई." त्यांनी डिकीतून पान्यांची पिशवी काढली आणि गर्दीवरून नजर फिरवली. "तान्या! गाडी काढ तुझी."

तानाजीनं मोटरसायकल काढली. दुसरं काय करणार? आबा मागं बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्या हाताचं वजन तानाजीला लहानपणानंतर पहिल्यांदाच कळलं. पुढं रस्त्यावर गाडी सापडणार नाही हे त्याला एकट्यालाच माहीत होतं आणि तरी, लाज वाटावी इतकं, त्याला सुख होत होतं.

हायवेला आबा एकसारखे बोलत होते. रेडिएटरला बारीक छिद्र असलं तर काय करायचं, फौजेत असताना ते हळद घालून कसं बुजवलं. उतारावर जुन्या गाडीचा आवाज कसा ऐकायचा. तानाजी हं हं करत होता. एवढी वाक्यं त्याच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. सर्व्हिस रोडला तानाजीनं वेग कमी केला. पुलाखाली बघितलं. ढाब्यावर आबांनी विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, मरून गाडी, जुनी, बाप-लेक. कुणी बघितली नव्हती. "झाडाखाली लावली असंल," आबा म्हणायचे, आणि पुन्हा बसायचे.

कराड दिसायला लागलं तरी गाडी नाही. उन्हानं आबांचा चेहरा लाल झाला होता. एका लिंबाखाली ते उतरले, पिशवी खाली ठेवली आणि स्वेटर काढला.

"आबा, माघारी जाऊ. गेले असतील ते."

"न्हाई रं. त्या पोराचं बघ. म्हाताऱ्या बापाला शेजारी बसवून एवढ्या लांबनं निघालाय. कवतिक वाटतं मला त्या पोराचं. तसं पोरगं असावं."

तानाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जयराजचं आजवर सोसलं, पण हा कोण शंभूराज? ना त्याला तोंड, ना गाव, ना आई. आणि आबा त्याच्यासाठी उन्हात पोळत होते, त्याचं कौतुक करत होते!

"कुठला शंभूराज, आबा?" तो ओरडला. "कुणी शंभूराज न्हाई! गाडी न्हाई, बाप न्हाई, कुणी न्हाई. मी घातली ती गाडी. मीच फोनवर बोलत हुतो."

आबांनी स्वेटर घडी करून पिशवीत घातला. 

"कशापायी?"

"तुमी त्याला लेका म्हणता. दोन वर्षं त्याच्या शेडात. मला कवा म्हणला का, ये तान्या, पाना धर?"

"तू कवा आलास?"

"तुमी बोलवलं न्हाई."

"जयराजनंबी बोलवलं न्हवतं मला," आबा म्हणाले. "मी आपणहून गेलो. त्याच्या दारात गेलो, आणि रोज वाटायचं आज तान्या ईल."

 तेवढ्यात तानाजीच्या फोनवर क्रांती आली. तिनं आबांनाच द्यायला सांगितलं. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. गाड्या उकळायला लागल्या म्हणून भाऊसोंनी शेवटी कर सोडून बाजूला ठेवला. कुणीच तोडला नाही. गाड्या सांगलीला गेल्या. जयराज सगळ्यांत शेवटी निघाला, तुमची वाट बघत होता, रडकुंडीला आला होता. गाडी चालवायला क्लबचा माणूस बसला.

"बरं झालं," आबा म्हणाले आणि फोन परत दिला. पिशवी उचलून ते रस्त्याच्या कडेला गेले.

"आबा, बसा. मी तुमाला सांगलीला नेतो. आत्ता निघालो तर गाठू आपण."

त्यांनी ऐकलं नाही. कारखान्यावर ऊस उतरून आमच्या गावाच्या बाजूला निघालेला एक रिकामा ट्रॅक्टर सर्व्हिस रोडनं येत होता. आबांनी हात केला. ट्रॅक्टरवाला थांबला. त्यांनी पिशवी वर दिली आणि मडगार्डवर चढून बसले.

"आबा!"

"तू ये सावकाश," ते म्हणाले. चिडून नाही, नेहमीच्याच, खत आलं का विचारायच्या आवाजात.

ट्रॅक्टर निघाला. तानाजीनं मोटरसायकल चालू केली आणि मागं मागं जायला लागला. थोडं अंतर गेल्यावर आबा ड्रायव्हरकडं झुकले. इंजिनाच्या आवाजात काहीतरी त्यांनी ऐकलं असावं, कारण ते बोटानं पुढं दाखवत होते. ड्रायव्हर हसला, आबाही हसले आणि त्यांनी हात त्याच्या खांद्यावर ठेवला. कोण कुठला ट्रॅक्टरवाला, त्याचं नावही माहीत नाही. पण तानाजीला त्याचा इतका हेवा वाटला, की पुढचा रस्ता त्याला नीट दिसेना.